आज रात्री काय करू?

संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या लालबागच्या इमारतीत जिन्यावर, दारात, लिफ्टमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो. ‘काय गं, आज रात्री काय करणार?’ विचारणारीला माझा बेत जाणून घ्यायचा नसतो, तिला तिचा सुचत नसतो. मीही बावीस-तेवीस वर्षं हाच प्रश्न विचारत आलेय. स्वयंपाकाचा मला कंटाळा नाही. कणीक मळायला घेतली की हात आपोआप चालतात. पण कणीक मळायच्या आधीचा तो अर्धा तास, फ्रिजचं दार उघडून नुसतं उभं राहायचं, दोन गाजरं आणि वाटीभर उरलेली उसळ यांच्याकडे बघत राहायचं, तो मात्र जीव खातो.

दोनेक महिन्यांपूर्वी मुलीनं माझं हे उभं राहणं पाहिलं आणि मोबाइलवरून पैसे भरून एक तयार आराखडा मागवला. चार आठवडे, अठ्ठावीस रात्रींची जेवणं, दर आठवड्याच्या खरेदीची यादी, प्रत्येक पदार्थापुढे लागणारी मिनिटं. रंगीत छापून तिनं तो फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाली, ‘आई, आता विचार करायचाच नाही. कागद सांगेल ते करायचं.’ मी परळला रुग्णालयाबाहेर राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करते, आमचा एक बचत गटही आहे. घरी यायला सात-साडेसात होतात. म्हटलं, बघू या तरी.

पहिला आठवडा मजेत गेला. सोमवारी राजमा, मंगळवारी पनीर, बुधवारी भाज्या घातलेला पुलाव. रोज दादर किंवा लालबागच्या बाजारात शिरून ‘काय ताजं दिसतंय’ म्हणत फिरायची गरज उरली नाही. शनिवारी एकदाच यादी घेऊन गेले. उभं राहणं बंद झालं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आठवड्याभरात फ्रिजमध्ये काही सडलंही नाही. एरवी कोथिंबिरीची अर्धी जुडी तरी काळी पडतेच.

दुसऱ्या आठवड्यात कागदाला आमचं घर कळेना. गुरुवारी त्यात चिकन, आमच्याकडे गुरुवार पाळतात. शनिवारी अंड्यांची करी, आणि त्या शनिवारी नेमकी संकष्टी. एका शुक्रवारी सुरमई लिहिलेली. दिवस होते जुलैचे! 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्या दिवसांत बाजारात सुरमई मिळालीच तर तिचा भाव ऐकून परत फिरावं लागतं. आमच्या कोकणातल्या बायका मे महिन्यातच सुकट, सोडे, सुके बोंबील भरून ठेवतात ते उगीच नाही. पण कागद बनवणाऱ्याला पाऊस माहीत नव्हता. सासूबाईंच्या दातांना राजमा चावत नाही, हे तरी त्याला कुठून कळणार? पुन्हा ती मिनिटं! ‘उसळ, तीस मिनिटं.’ अहो, मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मोड यायला आणखी एक रात्र. वालाचं बिरडं बुधवारी हवं असेल तर त्याची सुरुवात सोमवारी करायला हवी, शिवाय सोलत बसायचं ते वेगळंच. आपल्या स्वयंपाकाचा वेळ असा दोन-तीन दिवसांवर पसरलेला असतो. गॅस पेटवल्यापासून घड्याळ लावलं तर तो दिसतच नाही.

सासूबाई कॉटवर बसून हे सगळं बघत होत्या. त्या ऐंशीच्या आहेत. एक दिवस म्हणाल्या, ‘माझ्याकडे बावीस मेंबर होते. मला कधी कागद लागला नाही.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लालबाग-परळ हा गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार इथे बायकामुलांना गावी ठेवून राहायचे आणि चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. सासूबाईंची खाणावळ दहा बाय बाराच्या खोलीत होती. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणजे जेवणाऱ्यांच्याही पाळ्या. वार ठरलेले. कुठल्या वारी कडधान्य, कुठल्या वारी पालेभाजी, बुधवारी आणि रविवारी म्हावरं किंवा मटण. जो गावी गेला त्याचे खाडे पाटीवर मांडायचे आणि महिन्याच्या हिशेबातून वजा करायचे. अधूनमधून खास जेवण, त्याला ‘चांगदी’ म्हणत. किती पीठ, किती तेल, वाण्याची उधारी किती, सगळं डोक्यात. कुणी ‘आज हे का’ असं विचारत नसे, कारण वार ठरलेला असे. हे नियोजन नव्हतं तर काय होतं?

या खाणावळवाल्या बायकांचं कष्ट सगळ्यात आधी ओळखलं ते प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. वाणी आणि सावकार यांच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना त्यांनी एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सरकारी बँकेनं खाणावळवालीला कर्ज दिलं म्हणजे ती जे करते तो व्यवसाय आहे, हे कागदोपत्री मान्य झालं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कामगारांच्या खिशाबरोबर खाणावळींचं गणितही कोलमडलं. सासूबाईंची खाणावळ त्यातच बंद पडली. मेंबर गावी गेले, काहींची उधारी आजवर राहिली आहे. त्याबद्दल त्या कधी वाईट बोलत नाहीत.

मला त्यांच्या बोलण्यात वेगळंच खटकलं. बावीस माणसांचं नियोजन त्या करत तेव्हा त्याचे पैसे मिळत, वाणी त्यांना विचारून माल काढून ठेवी. तेच काम घरातल्या पाच माणसांसाठी करणारी मी ‘घरीच असते’ या सदरात मोडते. केंद्र सरकारनं 2024 मध्ये लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरातल्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला 289 मिनिटं, आणि जे पुरुष अशा कामाला हात लावतात त्यांचा 88. आता मला सांगा, फ्रिजसमोर उभं राहून केलेला विचार या 289 मिनिटांत धरला असेल का? बसमध्ये बसल्याबसल्या ‘घरी दही आहे का’ हे आठवणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

तिसऱ्या आठवड्यात जे झालं त्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. एका संध्याकाळी गावाकडून आलेल्या एका बाईच्या नवऱ्याची तब्येत बिघडली. तिच्याजवळ कुणीच नव्हतं. मी थांबले. मोबाइल बंद पडला होता. घरी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि जिन्यावरच मनात हिशेब चालू होता की आता पिठलं टाकावं की पोळी-भाजी केंद्रातून काही मिळेल. दार उघडलं तर यांनी खिचडी केली होती! कागदावर त्या दिवशी मुगाची खिचडी, कढी, पापड असं लिहिलं होतं. यांनी ते वाचलं, सासूबाईंनी कॉटवरून सूचना दिल्या, मुलानं पापड भाजले. कढी फुटली होती. सगळ्यांनी ती गुपचूप खाल्ली.

माझ्या यजमानांना स्वयंपाक येत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. चांगला येत नाही हे खरंच आहे. पण त्या रात्री मला कळलं की त्यांना अडत होतं ते ‘काय करायचं’ इथे. ते माझ्या डोक्यात कुलूपबंद होतं. कागदावर आलं तसं त्यांना कुठून सुरू करायचं ते कळलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि घरोघरी पोचलं, त्याचं एक कारण हेच असावं. त्यांनी वाटी-चमच्याचं माप लिहिलं. तोवर ‘अंदाजानं घाल’ असंच सांगितलं जाई, आणि अंदाज असायचा सासूकडे किंवा आईकडे. नव्या मुलीला कुणापुढे उभं न राहता आमटी करता आली.

असो. खिचडीची बातमी दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत झाली. ‘भाग्यवान आहेस गं!’ चार जणींनी सांगितलं. माझ्या इतक्या वर्षांच्या न फुटलेल्या कढीबद्दल यांना कुणी भाग्यवान म्हटल्याचं आठवत नाही.

आणि मग यांनी उत्साहानं सांगितलं, ‘तू असंच लिहून देत जा, अधूनमधून मी करत जाईन.’ मला पटकन बरं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, म्हणजे काय करायचं ते ठरवायचं मी, यादी करायची मी, संपलेली हळद आठवायची मी, आणि वर नीट अक्षरात लिहूनही द्यायचं मीच!

हे मी बचत गटाच्या बैठकीत बोलले. आमच्यातली एक जण चार घरी स्वयंपाकाला जाते. ती म्हणाली, ‘ताई, चार दारांत मी विचारते, वहिनी आज काय करू? त्या सांगतात, मी करते. माझ्या घरी गेल्यावर मला सांगणारं कोण?’ सगळ्या हसल्या, तीही हसली. पुढे ती म्हणाली की असा आठवड्याचा कागद तिच्या काय कामाचा, एका शनिवारी आठवड्याची भाजी घेण्याइतके पैसे हातात नसतात आणि घरात फ्रिज नाही. तिचं म्हणणं मला खोडता येईना. ती दादर स्टेशनबाहेर निवडून-चिरून ठेवलेली भाजी घेते, थोडी महाग पडते, पण तेवढ्यापुरती असते आणि वेळ वाचतो. तिनं फक्त कडधान्यांचे तीन वार ठरवलेत. तिची दहा वर्षांची मुलगी आदल्या रात्री डब्यातून काढून भिजत घालते. मुलगा मोठा आहे, तो का घालत नाही, असं मी विचारलं. त्यावर ती गप्प झाली. पुढच्या बैठकीत परत विचारणार आहे.

तुमच्या गावात आठवडा बाजार भरत असेल, तर बाजाराच्या दिवशी पालेभाजी, मग फळभाजी, शेवटी कांदा-बटाटा आणि पिठलं, असा आराखडा तुम्ही न लिहिता पाळत असालच. विकत घ्यायची काही गरज नाही. आमच्याही घरातला तो रंगीत कागद महिना संपल्यावर मी काढून टाकला. मुलीला थोडं वाईट वाटलं. तिचे पैसे फुकट गेले असं मात्र मी म्हणणार नाही, त्या कागदानंच मला कुठे अडतंय ते दाखवलं.

आता आमच्याकडे वहीचं एक पान असतं. शनिवारी रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी तिथेच बसायचं, वीस मिनिटं, आणि सात रकाने भरायचे. मी लिहीत नाही, पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचं हे पहिल्या दिवशीच सांगितलं. दोन चौकटी मी वाढवल्या. एकीत आदल्या रात्री काय भिजवायचं ते, दुसरीत कोण करणार त्याचं नाव. पहिल्या शनिवारी मुलानं चार ठिकाणी पावभाजी लिहिली. यांनी जिथेतिथे ‘खिचडी’. मुलीनं तीन रात्री स्वतःचं नाव घातलं, पण ती ऑफिसातून आठला येते, तेव्हा दोन खोडले. भांडणंही झाली. एका सोमवारी कुणीच काही केलं नाही आणि आम्ही दूध-पोळी खाऊन झोपलो. त्या रात्री उठून काहीतरी टाकायला माझे हात किती शिवशिवत होते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या शनिवारी सासूबाईंनी पेन मागून घेतलं. गुरुवारच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि आंबोळ्या. वाटाणे बुधवारी रात्री भिजत घालायला हवेत. त्या चौकटीत मुलाचं नाव आहे. मी त्याला आठवण करायची नाही असं ठरवलंय.