विश्लेषण : सह्याद्रीची शिखरे बंद करायची, की माणसे मोजून सोडायची?

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीच्या दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, एखाद्या गडाच्या पायऱ्यांवर तासन्‌तास अडकलेल्या गर्दीचा व्हिडिओ. दुसरी, त्यापाठोपाठ निघणारा जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश. पाऊस ओसरला की दोन्ही विसरल्या जातात आणि पुढच्या जूनमध्ये हेच चक्र पुन्हा फिरते. गर्दी धोकादायक आहे, यात वाद नाही. पण सरसकट बंदी हे त्यावरचे उत्तर नाही. प्रत्येक वाटेवर एका तासात किती माणसे सुरक्षित जाऊ शकतात हे मोजून तेवढीच सोडणे, हे उत्तर आहे. ते का, हे समजून घ्यायचे तर सुरुवात दगडापासून करावी लागते.

सह्याद्रीची शिखरे म्हणजे जुने ज्वालामुखी आहेत का?

नाहीत. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. सह्याद्रीचा दगड ज्वालामुखीचा आहे, पण कळसूबाई किंवा साल्हेर हे काही विझलेल्या ज्वालामुखीचे शंकू नव्हेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग या बसाल्टने व्यापलेला आहे. नंतर पाऊस, ओढे आणि नद्यांनी हे थर कोरून काढले. जे उरले, त्याला आपण शिखर म्हणतो. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आणि सर्वांत उंच गड साल्हेर (१,५६७ मीटर) हे असेच उरलेले तुकडे आहेत.

हे थर एकसारखे नाहीत. काही थर घट्ट काळ्या कातळाचे आहेत, ते सहजी झिजत नाहीत आणि उभे कडे होऊन राहतात. काही थर सच्छिद्र आणि ठिसूळ आहेत, ते झिजून उतार होतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातकट पट्टा दिसतो, भूवैज्ञानिक त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. त्यामुळे डोंगर लांबून पायऱ्यांसारखा दिसतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आला आहे.

मग गर्दी नेमकी कुठे अडकते?

या रचनेचा चढणाऱ्यासाठी अर्थ सरळ आहे. उतारावर दहा वाटा असू शकतात. पण मध्ये कातळाचा उभा पट्टा आला की त्यातून वर जायला जागा एकच उरते. कुठे ती नाळ असते, कुठे कोरलेल्या पायऱ्या, कुठे लोखंडी शिडी. कळसूबाईला शिड्या आहेत. हरिहरला कातळात खोदलेल्या, हाताच्या खोबण्या धरून चढायच्या खड्या पायऱ्या आहेत. कलावंतीण सुळक्याला कड्यालगतच्या पायऱ्या आहेत. लोहगडाला एकामागून एक दरवाजांतून जाणारी वळणदार वाट आहे.

गड बांधणाऱ्यांनी हेच हेरले होते. थोड्या शिबंदीने मोठी फौज अडवता यावी, म्हणून वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असे. फौज अडावी म्हणून आखलेल्या त्याच वाटेने आपण रविवारी सकाळी फौजेएवढी माणसे वर पाठवतो. ती अडली, तर त्यात नवल काय?

हिशेब कसा करायचा?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे : पाइपातून किती पाणी जाईल हे त्याच्या सर्वांत अरुंद भागावर ठरते. डोंगराचेही तसेच. पार्किंगमध्ये किती गाड्या मावतात यावर गडाची क्षमता ठरत नाही.

समजा, ओल्या कातळपायऱ्यांवर एका ठिकाणाहून दर १० सेकंदांना एक माणूस पुढे सरकतो. म्हणजे तासाला ३६० माणसे. आता सहाशे जण पहाटे एकदमच पायऱ्यांशी पोहोचले, तर वरून एकही माणूस उतरत नसला तरी शेवटच्याची पाळी यायला १०० मिनिटे लागतील. तोवर पहिले लोक माथा पाहून परत निघालेले असतात. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद पायरीवर समोरासमोर येतात. कुणी सेल्फीसाठी थांबला, कुणाचे पाय लटपटले, की १० सेकंदांचे २० सेकंद होतात आणि क्षमता निम्म्यावर येते. रांग उभी राहते ती सपाटीवर नाही, तर निसरड्या पायऱ्यांवर, एका बाजूला दरी ठेवून.

तेच सहाशे जण चार तासांत विभागून सोडले तर तासाला १५० होतात आणि रांग लागण्याचे फारसे कारण उरत नाही. माणसे तेवढीच, फरक फक्त वेळेचा. वरचे आकडे हे गृहीतक आहे. पण खरे आकडे काढायला मोठा प्रकल्प लागत नाही. घड्याळ घेऊन दोन माणसे पायऱ्यांच्या तळाशी आणि माथ्यावर एक रविवार बसली, तरी अंदाज हाती येईल.

सगळे एकाच वेळी का पोहोचतात?

कारण बहुतेक ट्रेकचे वेळापत्रक एकसारखे असते. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस निघते, पहाटे पायथ्याला पोहोचते, नाश्ता होतो आणि चढाई सुरू होते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, आयोजकांच्या नोंदणीची चौकट केली. ते आवश्यकच होते. पण समजा, प्रत्येक आयोजकाने आपल्या चाळीस जणांची चोख काळजी घेतली आणि असे वीस आयोजक एकाच सकाळी एकाच गडावर आले, तर ही आठशेची बेरीज कोण पाहणार? आज ती बेरीज कुणाच्याच वहीत नसते.

बंदीने काय साधते?

मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचे कलम १४४) निघतात. अतिवृष्टीच्या दोन-चार दिवसांसाठी ते योग्यच आहेत. अडचण येते ती तारखेवर बेतलेल्या आठवड्यांच्या सरसकट बंदीची. ती सोपी वाट आणि अवघड वाट यांत फरक करत नाही. मंगळवारचे वीस जण आणि रविवारचे दोन हजार जण तिला सारखेच. शिवाय नाव झालेल्या गडाच्या पायथ्याशी पोलीस उभे राहिले की उत्साही मंडळी शेजारच्या अनोळखी डोंगराकडे वळण्याची शक्यता असते. तिथे ना पोलीस असतो, ना वाटाड्या, ना मोबाइलची रेंज.

बंदीचा भुर्दंड पायथ्याच्या गावालाही बसतो. चुलीवरचे जेवण, चहा, वाटाड्याची मजुरी, गाड्या लावायची जागा, यांवर पावसाळी शनिवार-रविवारी अनेक घरांत चार पैसे येतात. या घरांचा डोंगराशी संबंध केवळ कमाईचा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. इर्शाळगडाची वाट याच वाडीतून जायची. डोंगराचा धोका सर्वांत आधी ज्यांच्या दारात येतो, त्यांना गर्दीच्या नियोजनात स्थान नसावे, हे पटत नाही.

मोजून सोडणे आपल्याकडे जमेल का?

जमले आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी सुरू करण्यात आली. तिथल्या व्यवस्थेत वन विभागाबरोबर आसपासच्या गावांची समिती आहे. जपानने २०२४ मध्ये फुजी या ज्वालामुखी शिखराच्या योशिदा वाटेवर दिवसाला चार हजारांची मर्यादा आणि दोन हजार येन शुल्क लावले. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून आपण माणसे मोजू शकतो, तर माणसे दरीत जाऊ नयेत म्हणूनही मोजू शकतो.

यावर आक्षेप येतील. डोंगर सगळ्यांचे आहेत, त्यावर तिकीट कशाला? नोंदणी म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक चिरीमिरी. ही भीती अनाठायी नाही. म्हणून नोंदणी मोफत किंवा नाममात्र शुल्काची असावी, जमा रक्कम गावाच्या समितीकडे जावी आणि किती जागा भरल्या हे कुणालाही मोबाइलवर दिसावे. आकडा उघड असला की वशिल्याला जागा कमी उरते.

नेमके काय करावे?

पहिले, गर्दीच्या गडांवर फक्त शनिवार-रविवारी तासागणिक वेळ ठरवून प्रवेश द्यावा. दुसरे, बंदी तारखेवर नाही तर पावसावर ठरवावी. हवामान विभाग २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतो. असा इशारा असलेल्या दिवशी सगळे बंद. तिसरे, नाळेच्या वाटा पावसाळाभर बंदच ठेवाव्यात, कारण नाळ ही मुळात पाण्याची आणि सुटलेल्या दगडांची वाट आहे. चौथे, अरुंद टप्प्याच्या खाली आणि वर गावातलाच एकेक माणूस रोजंदारीवर उभा करावा. वरचे थांबवून खालचे सोडायचे, एवढेच त्याचे काम.

याचा सर्वांत मोठा फायदा बचावकार्याला होईल. आज कुणी पडले की धावून जातात ते बहुतेकदा स्वयंसेवी बचाव पथकांतले लोक, आपापली नोकरी-धंदा सोडून. ज्या पायऱ्यांवरून गर्दी हलत नाही, तिथून स्ट्रेचरही हलत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वास्तुरचनेतले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, राजगड, लोहगड त्यांत आहेत. या गडांवरची गर्दी आता वाढेल, कमी होणार नाही. हरिहर, लोहगड आणि कळसूबाई या तीन ठिकाणी एक हंगाम प्रयोग करून पाहायला हरकत नसावी.

तोवर आपल्या हातात काय आहे? शक्य असेल तर आडवारी जा. रविवारीच जायचे तर पायथ्याच्या गावात आज वर किती माणसे गेली आहेत ते विचारा. आणि पायऱ्यांच्या तोंडाशी रांग थांबलेली दिसली, तर त्या रांगेत शिरू नका. खाली सपाटीवर थांबा किंवा परत फिरा.