माजी विद्यार्थी आणि ऋषिऋण

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नाव वृत्तपत्रांत झळकते ते बहुधा तीन प्रसंगी. निकाल लांबले की, अधिसभेत गदारोळ झाला की, आणि दीक्षान्त समारंभ असला की. २०२५ साली त्यात विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या मागणीची भर पडली. तिच्यासाठी मोर्चा निघाला आणि तिला विरोधही झाला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे लिहायचे आहे ते अशा एका घटकाविषयी, ज्याची आठवण समारंभाच्या निमंत्रणपत्रिका वाटताना होते आणि एरवी होत नाही. तो घटक म्हणजे माजी विद्यार्थी.

आपल्या परंपरेत शिक्षण पूर्ण झाल्यावर समावर्तन संस्कार होत असे. स्नातक घरी परतत असे, पण मोकळा होत नसे. देवऋण आणि पितृऋणाबरोबर ऋषिऋण त्याच्या माथी असे आणि ते ज्ञान पुढच्या पिढीकडे पोहोचवूनच फिटत असे. आजच्या दीक्षान्त समारंभात झगे आहेत, मिरवणूक आहे, छायाचित्रे आहेत. ऋणाचा उल्लेख पाहुण्यांच्या भाषणात एखाद्या वाक्यापुरता येतो. दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो आणि विद्यापीठाचा त्याच्याशी असलेला संबंध गुणपत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीपुरता उरतो.

कोल्हापूरने हे असे व्हावे याची खंत अधिक वाटते, कारण या नगरीत शिक्षणाचा पाया पैशाइतकाच निवाऱ्यावर उभा राहिला. राजाराम महाविद्यालय १८८० साली निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथे आरंभीचे शिक्षण घेतले, मात्र पदवीसाठी त्यांना पुणे-मुंबई गाठावी लागली. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला ते कसे जमणार? राजर्षी शाहू छत्रपतींनी नेमके हेच ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पुढच्या दोन दशकांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क, अशी वसतिगृहांची माळच करवीरात गुंफली गेली.

या वसतिगृहांचा सर्वांत थोर माजी विद्यार्थी कोण, असे विचारले तर आम्ही निःशंकपणे कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेऊ. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा हा तरुण मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले. भाऊरावांनी त्या अन्यायाची कटुता उराशी धरली नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले, जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत. हिंदू समाजाच्या ऐक्यावर व्याख्याने देणाऱ्या आपणा सर्वांसाठी त्या पंक्तीत पुष्कळ काही आहे. आणि गंमत पाहा, हे भाऊराव पदवीधर नव्हते!

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार यांनी हाच धागा पुढे नेला. ‘कमवा आणि शिका’ योजनेत गरीब विद्यार्थी विद्यापीठात ठरावीक तास काम करतो आणि त्या श्रमावर राहतो, जेवतो, शिकतो. दान नाही, मेहेरबानी नाही. या योजनेतून बाहेर पडलेले लोक आज शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत आहेत. त्यांच्यापैकी कितीजण आपल्या मुलांना सांगतात की, बाबा रे, मी विद्यापीठात काम करून एम. ए. झालो? मध्यमवर्गात शिरलेल्या माणसाला आपल्या गरिबीची लाज वाटू लागते, हा आमच्या समाजाचा जुना रोग आहे.

माजी विद्यार्थी संघ नाहीत असे नव्हे. ‘नॅक’च्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण असल्यामुळे ठिकठिकाणी असे संघ कागदावर जन्म घेतात. मेळावा भरतो, फेटे बांधले जातात, एखाद्या उच्चपदस्थाचा सत्कार होतो, तांबड्या-पांढऱ्या रश्शावर ताव मारून मंडळी पांगतात. स्नेहभोजनाला आमचा विरोध नाही. परंतु चंदगडची किंवा जतची मुलगी प्रवेश मिळूनही केवळ खोली आणि खानावळीचा खर्च झेपत नाही म्हणून घरी परतत असेल, तर त्या फेट्यांना काय अर्थ?

विद्यापीठाने आपल्या बाजूने समाजाशी नाते राखले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२१ साली ‘नॅक’ने त्याला ‘ए प्लस प्लस’ श्रेणी दिली, ती भूषणावह आहेच. आम्हाला मात्र ऑगस्ट २०१९ चा महापूर अधिक आठवतो. पंचगंगेकाठची उपसा केंद्रे बुडाली, चहूकडे पाणी असून नळ कोरडे पडले. त्यावेळी सागरमाळावरच्या या आवारात साठवलेले पावसाचे पाणी शहराच्या उपयोगी पडले. एके काळी हा परिसर स्वतःच टंचाईग्रस्त होता. तळी आणि विहिरी राखण्याचे ते फळ.

मग माजी विद्यार्थ्यांनी करायचे काय? प्रत्येक तालुक्यातील दहा जणांनी मिळून एका मुलीच्या खानावळीचा भार वर्षभर उचलला, तरी पुष्कळ झाले. त्यासाठी संघाची नोंदणी लागत नाही. परदेशी असलेल्यांनी पैसे पाठवावेत, इथे असलेल्यांनी महिन्यातून एकदा त्या मुलीची विचारपूस करावी. पैशापेक्षा हे दुसरे काम अवघड आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून जातात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प ज्या सभेपुढे येतो, तेथे आपली माणसे पाठवण्याचा हा मार्ग कायद्यानेच खुला केला आहे. तरीही घराघरांत पदव्या चौकटीत टांगलेल्या असतात आणि नोंदणीचे अर्ज उमेदवारांचे कार्यकर्तेच गठ्ठ्याने भरून घेतात. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली वेगळे झाल्यापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचाच हा कारभार आहे. मागील निवडणूक २०२२ साली झाली आणि मुदत पाच वर्षांची असते. या तीन जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी जे पदवीधर आहेत, त्यांनी आपले नाव यादीत आहे की नाही, हे निवडणूक जाहीर होण्याआधीच पाहून घ्यावे.