विश्लेषण : पोलीस व्हायचे, तर ‘क्रिमिनल जस्टिस’मध्ये मास्टर्स करावे का?

पहाटे पौड, पिरंगुट परिसरात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. त्याच मुळशी तालुक्यात, लवळ्याच्या डोंगरावर, खासगी विद्यापीठांची मोठी संकुले आहेत. ‘क्रिमिनल जस्टिस’, ‘पोलीस प्रशासन’, ‘पोलिसिंग लीडरशिप’ अशा नावांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आता मोबाइलवर सहज समोर येतात. त्यावर दोन वर्षे आणि घरचे पैसे घालण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

या अभ्यासक्रमांत शिकवतात काय?

गुन्हेगारीशास्त्र, फौजदारी कायदा, शिक्षा आणि कारागृह व्यवस्था, पीडितांचे हक्क, न्यायवैद्यक शास्त्राची ओळख आणि संशोधन पद्धती हा साधारण गाभा असतो. नेतृत्वावर भर असेल, तर मनुष्यबळाचे नियोजन, अंदाजपत्रक, आकडेवारीचे विश्लेषण आणि व्यावसायिक नीतिमत्ता हे विषय वाढतात. कायद्याची सनद मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी एलएलबीच करावे लागते.

भरतीत फायदा होतो का?

थेट फायदा नाही. शिपाई भरतीसाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. एमपीएससीमार्फत उपनिरीक्षक होण्यासाठी, तसेच यूपीएससीमार्फत आयपीएस होण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मास्टर्सचे वेगळे गुण कुठेच नाहीत. उलट वय वाढते. शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा २८ वर्षे, तर मागास प्रवर्गांची ३३ वर्षे आहे. पंचविशीत दोन वर्षे खर्च करणाऱ्याने हे गणित आधी मांडावे.

मग या शिक्षणाची गरज का वाढली?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेसह तीन नवे कायदे लागू झाले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आता करावे लागते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत पीडिताला कळवायचे आहे. म्हणजे ठाण्यातल्या अधिकाऱ्याला कायदा, तंत्रज्ञान आणि वेळेचे व्यवस्थापन हे सगळे एकत्र सांभाळायचे आहे.

मुळशीचे उदाहरण काय सांगते?

या एका तालुक्यात पोलिसांच्या दोन व्यवस्था आहेत. हिंजवडी पोलीस ठाणे १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, तर पौड ठाणे पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. हिंजवडीच्या गुन्हेगाराला तडीपार करण्याचा आदेश पोलीस उपायुक्त देऊ शकतात. पौडच्या हद्दीत तो प्रस्ताव प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. एकीकडे आयटी पार्कची कोंडी आणि सायबर तक्रारी, तर दुसरीकडे जमिनीचे वाद आणि पावसाळ्यात ताम्हिणीला होणारी गर्दी.

जून २०२१ मध्ये उरवडे येथील कारखान्याच्या आगीत १५ हून अधिक कामगारांचा बळी गेला. त्यात बहुतांश महिला होत्या. मृतांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली. अशा प्रकरणात रसायनांचा साठा, अग्निसुरक्षा, परवाने आणि मालकाची जबाबदारी यांचे धागे जुळवावे लागतात. त्यात कच्चे दुवे राहिले, तर किंमत मृतांच्या घरच्यांना मोजावी लागते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

जर्मनीत पोलीस दलाच्या सर्वोच्च श्रेणीत जाण्याचा मुख्य मार्ग म्युन्स्टर येथील पोलीस विद्यापीठातील दोन वर्षांच्या मास्टर्समधून जातो. केंब्रिज विद्यापीठाचा उपयोजित गुन्हेगारीशास्त्र आणि पोलीस व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम अर्धवेळ आहे. दोन्ही ठिकाणी वर्गात प्रामुख्याने सेवेतील अधिकारी असतात. ठाण्यात काम केलेल्याला वर्गातला प्रश्न ओळखीचा वाटतो. नेतृत्वाची पदवी आधी आणि अनुभव नंतर, हा क्रम तिथे सहसा नसतो.

आपल्याकडे कुठे शिकता येते?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) सामाजिक कार्याच्या अंगाने गुन्हेगारीशास्त्र शिकवण्याची परंपरा १९५० च्या दशकापासूनची आहे. कारागृह, बालन्याय, विधी साहाय्य या क्षेत्रांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ती वाट उपयोगी आहे. गांधीनगरजवळचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ पोलीस प्रशासन आणि सुरक्षेचे अभ्यासक्रम चालवते. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात आहे. ही दोन्ही विद्यापीठे २०२० च्या केंद्रीय कायद्यांनी स्थापन झाली.

पदवीने काय बदलत नाही?

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठाणे प्रमुखांसह महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा आणि तपासाचे काम कायदा-सुव्यवस्थेपासून वेगळे करावे, असे निर्देश दिले. बदलीची टांगती तलवार आणि रोजचा बंदोबस्त कायम असेल, तर कितीही शिकलेला अधिकारी तपासाला वेळ देऊ शकत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

* वर्दीच हवी असेल, तर आधी भरती किंवा स्पर्धा परीक्षा द्या. मास्टर्स सेवेत आल्यावर, परवानगी घेऊन करता येते.
* संशोधन, कारागृह सुधारणा, पीडित साहाय्य किंवा सायबर सुरक्षेत जायचे असेल, तर आताच करण्यात अर्थ आहे.
* प्रवेशाआधी यूजीसीची मान्यता, एकूण शुल्क आणि मागील तुकडीतील विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर पैसे भरण्याची घाई करू नका.

पदवी एका विषयाची आणि नोकरी भलतीच, हा अनुभव आम्हा इंजिनीअर मंडळींना नवा नाही. चार वर्षांनी कळण्यापेक्षा प्रवेश अर्ज भरतानाच कळलेले बरे.