वर्षावास संपू द्या, मग ओढ्याकाठी चला

आषाढ लागला की आपल्या वस्त्यांतून टेम्पो भरून निघतात. लेकरे, म्हातारी माणसे, डबे, आणि हल्ली वस्तीतला एखादा लाडका कुत्राही. जिथे पाणी कोसळते तिथे जायचे. आम्ही या पानावर चालण्याचा आग्रह धरतो, तेव्हा डोंगरात जाण्याला आमचा विरोध कसा असेल? विरोध आहे तो वेळेला.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. डोंगरातला ओढा नदीसारखा हळूहळू चढत नाही. वर माथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असले तरी काही मिनिटांत लोंढा येतो. निवळ पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला, की चपला-डबे तिथेच टाकून काठावरून उंचावर जावे. मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभे राहिल्याने कुणी वाचत नाही.

आपण हे विसरतो याचेच आम्हाला नवल वाटते. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी फिरू नये, एका ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम आहे. सह्याद्रीतल्या लेण्यांचा उपयोग त्या मुक्कामासाठी होत असे. आणि आपण नेमके त्याच दिवसांत पोराबाळांना घेऊन त्याच लेण्यांशेजारच्या धबधब्याखाली उभे राहतो!

आश्विन पौर्णिमा झाली की निघावे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरले, द्रुतगती महामार्ग पुलावरून ओलांडला, की भाजे गावाची वाट लागते. गावापर्यंत सपाट चाल आहे, म्हातारी माणसेही बसत-उठत येतात. तोवर पावसाचा जोर गेलेला असतो आणि ओढ्याचे पाणी शांत झालेले असते. पुढे लेणीच्या पायऱ्या मात्र दम काढतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच सावलीत बसावे, त्यात कमीपणा नाही. वर जाणाऱ्यांनी चैत्यगृहाच्या छताकडे नीट पाहावे. तिथल्या लाकडी कमानी सुमारे बावीसशे वर्षांच्या आहेत. जवळच भिक्खूंच्या स्मृतीचे स्तूप ओळीने उभे आहेत, काहींवर नावेही कोरलेली आहेत. कड्यात पाण्याच्या पोढी कोरल्या आहेत. पाणी अडवून, साठवून वापरायचे, ही समज तेव्हाच्या माणसांना होती.

आता कुत्र्याचे. आमच्यात यावरून बरीच हुज्जत झाली. काही जण म्हणाले, माणसांचे होईना, कुत्रा कशाला? पण पोरे ज्याच्यामागे दोन किलोमीटर कुरकुर न करता चालतात, तो आम्हाला डॉक्टरच्या सल्ल्याइतकाच उपयोगी वाटतो. गेल्या खेपेला चूक आमचीच झाली. साखळी आठ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला गुंडाळून दिली. गावातली कुत्री भुंकत आली, आमचा गडी उसळला, आणि मुलगा फरफटत ओढ्यात. पाणी घोट्याएवढे होते म्हणून कोपर सोलण्यावर निभावले. तेव्हापासून साखळी मोठ्या माणसाच्या हातात, आणि हाताला न गुंडाळता. लेणीच्या आवारात कुत्रा नेता येत नाही, म्हणून पाळीपाळीने कुणीतरी त्याच्याजवळ खाली थांबतो. त्याची घाण ओढ्यात पडू देऊ नये, खाली गाव आहे, गुरे आहेत.

नेण्याआधी त्याला रेबीजची लस दिलेली हवी, आणि ती वेळच्या वेळी पुन्हा द्यावी लागते. आपला असो की गावचा, कुत्रा चावला किंवा ओरखडा निघाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, तिथे लस फुकट मिळते. सांगितलेल्या सगळ्या सुया पुऱ्या कराव्यात. आपल्याकडे दुसरीनंतर कंटाळा करतात आणि तोच जिवावर बेतू शकतो, कारण रेबीज एकदा उमटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

पायाला जखम असेल तर ओढ्यात उतरू नये. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात. घरी आल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर ओढ्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. प्यायचे पाणी घरूनच न्यावे, ओढ्याचे कितीही निवळ दिसो. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशी चालू नये आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.

त्या दिवशी परतताना टेम्पोत सगळ्यांत आधी कुत्रा झोपला. गोळ्या चालू असलेल्या आमच्या दोन मावश्या मात्र पुढची पौर्णिमा रविवारी येते का, ते विचारत होत्या.