लोण्याच्या गावांनी हृदय राखले

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा थंडगार देश. त्याच्या पूर्वेला, रशियाच्या सरहद्दीला लागून, उत्तर करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगल, तळी, लांबलचक हिवाळा आणि घरोघर गोठा. माणसे लाकूडतोड करणारी, शेतात राबणारी, दूधदुभत्यावर वाढलेली. अशा काटक माणसांना कसला आजार, असे कोणालाही वाटेल. पण १९६० नंतरच्या त्या काळात तिथले कर्ते पुरुष चाळिशी-पन्नाशीतच छातीत कळ येऊन जात होते. मागे उरत ती बायकामुले आणि दावणीची जनावरे.

अमेरिकेचे डॉ. अँसेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतील पुरुषांचा आहार आणि त्यांचे हृदय यांचा अभ्यास हाती घेतला. त्यात हृदयविकाराचे सर्वांत जास्त बळी पूर्व फिनलंडमध्ये आढळले. तेव्हा १९७१ च्या जानेवारीत उत्तर करेलियाच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज करून मदत मागितली. देशातली हृदयविकारविरोधी स्वयंसेवी संघटनाही पाठीशी उभी राहिली. १९७२ साली काम सुरू झाले. प्रमुख होते डॉ. पेक्का पुस्का, वय तिशीच्याही आत.

दोष सापडला तो ताटातच. पावावर लोण्याचा जाड थर, पेल्यात सायीचे दूध, सगळ्यात मीठ भरपूर आणि भाजीपाला नावापुरता. निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढणारे. रक्तदाब वाढलेला, पण फार थोड्यांना त्याचा पत्ता. पाटाच्या चारीत गाळ साचत जावा आणि एक दिवस पाणीच अडावे, तसे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे होते. लोण्यातल्या चरबीने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते, ते वाहिनीच्या भिंतीत साचते. तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब त्या भिंती आणखी खराब करतात.

आता नुसते भाषण ठोकून कोणी लोणी सोडते का? म्हणून डॉक्टर मंडळी बायकांकडे गेली. मार्था नावाची गृहिणींची संस्था तिथे १८९९ पासून आहे. या बायकांनी गावोगाव संध्याकाळचे मेळावे भरविले. नेहमीचाच मांसाचा रस्सा, पण मांस आणि मीठ कमी, कंदभाज्या जास्त, असा रांधून सर्वांना जेवू घातला. चव पटली तेव्हा सल्ला पटला. गावातल्याच शेकडो माणसांना शिकवून तयार केले. परिचारिका रक्तदाब मोजू लागल्या. पुढे तर गावागावांत कोलेस्टेरॉल कोण जास्त उतरवितो याची चढाओढही लागली.

पण खरी अडचण गोठ्यात होती. लोणी खाऊ नका म्हणणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय. दूधधंद्याने विरोध केला आणि तो समजण्यासारखा होता. डॉक्टरांचा सल्ला बरोबर असला तरी कर्जाचा हप्ता सल्ल्याने फिटत नाही. यातून वाट निघाली ती शेतातूनच. दूधसंघांनी कमी चरबीचे दूध बाजारात आणले. मोहरीच्या जातकुळीतले, थंडीत तगणारे तेलबी पीक वाढविले आणि त्याचे तेल घरोघर आले. १९८५ च्या सुमारास सरकारी मदतीने बोरवर्गी फळांची योजना निघाली. त्या थंडीत स्ट्रॉबेरीसारखी फळे चांगली येतात. काही शेतकरी दूध कमी करून तिकडे वळले. खाणाऱ्याचे हृदय आणि पिकविणाऱ्याचे पोट, दोन्हींचा विचार झाला म्हणून काम तडीस गेले.

फळ काय मिळाले? १९७० च्या सुमारास ३५ ते ६४ वयाच्या दर लाख पुरुषांत वर्षाला सुमारे ७०० जण हृदयविकाराने जात. २००६ पर्यंत हा आकडा १०० च्या आसपास उतरला. नव्या औषधांचा आणि शस्त्रक्रियांचा त्यात वाटा आहेच. पण मोठा वाटा बदललेल्या ताटाचा, सोडलेल्या सिगारेटचा आणि ताब्यात आलेल्या रक्तदाबाचा.

आपले ताट वेगळे. आपण पावावर लोणी थापत नाही. पण लोणचे, पापड, फरसाण यांतून पोटात जाणारे मीठ, वनस्पती तुपात तळलेले पदार्थ, विडी आणि तंबाखूची चिमूट ही आपली घरातलीच मंडळी आहेत. रानात राबणाऱ्याला हृदयविकार होत नाही हा समजही करेलियाने खोटा ठरविला. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. वाढला असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. आणि महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत कमी मिठाची, कमी तेलाची एखादी भाजी करून सर्वांना वाढून पाहावी. आवडली तर कृती शेजारच्या गावालाही कळवावी.