घरच्या बोलीचे मुद्दल

उच्च शिक्षणासाठी परगावी किंवा परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यापुढे कधी कधी एक अनपेक्षित विनंती येते. विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागाला त्याच्या घरची भाषा त्याच्याच तोंडून ऐकावयाची असते. काही वाक्ये बोलावयाची, एखादी गोष्ट सांगावयाची, ‘तुमच्या घरी असे म्हणतात का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, एवढेच हे काम. वाणिज्य वा अभियांत्रिकी शिकणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो आणि पालकांनाही त्यात लाभ दिसत नाही. या कामाचे मोल जाणण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे.

आल्फ्रेदो व्हिओला सांतियागो हा फिलिपिन्सचा तरुण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात वास्तुरचनेशी संबंधित अभियांत्रिकी शिकत होता. त्याची मातृभाषा तागालोग. त्याच विद्यापीठात लिओनार्ड ब्लूमफील्ड हे अध्यापक होते. सांतियागो आपल्या भाषेत कथा सांगे आणि ब्लूमफील्ड ते बोलणे जसेच्या तसे टिपून त्यातील नियम शोधीत. या श्रमांतून १९१७ मध्ये तागालोग भाषेच्या संहिता व व्याकरण यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्लूमफील्ड पुढे अमेरिकेतील भाषाशास्त्राचे अग्रणी ठरले. या व्यवहारात अध्यापक शिकत होता आणि विद्यार्थी शिकवीत होता. विद्यार्थ्याचे भांडवल एकच होते, ते म्हणजे घरात मिळालेली भाषा.

असे भांडवल आपल्याकडील जैन कुटुंबांतही आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील जैन घरांत कानडी, मुस्लिम घरांत उर्दू आणि इतर काही घरांत मराठी बोलली जाई. दीर्घकाळच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली होती, तरी प्रत्येकाने घरातले आपले शब्द सोडले नव्हते. जगभरच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक झाले, ते तेथील सामान्य कुटुंबांच्या बोलण्यामुळे.

तथापि सहभागी होण्यापूर्वी सावधगिरी हवी. जामीनपत्रावर सही करण्याआधी आपण ते जसे वाचतो, तसेच संमतिपत्र पूर्ण वाचावे. आवाजाचे ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, ते किती काळ जपले जाणार, नाव गुप्त राहणार की नाही, मानधन आहे काय, हे आधी विचारावे. मध्येच माघार घेण्याची मोकळीक संमतिपत्रात स्पष्ट असावी. संशोधक आपलाच प्राध्यापक असेल, तर नकाराचा गुणांवर परिणाम होणार नाही याची खात्री करून घ्यावी. प्रामाणिक संशोधकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

मात्र एक अट अशी आहे, जी विद्यापीठ पुरी करू शकत नाही. घरात मारवाडी, गुजराती, कच्छी, कानडी वा मराठी बोलली गेली, तरच मुलापाशी देण्याजोगे काही असते. आजीने हाक मारल्यावर नातू इंग्रजीत उत्तर देऊ लागला की हे मुद्दल घटू लागते. दुकानाचा हिशेब रोज रात्री मांडला जातो. जेवणाच्या पानावर मुले कोणत्या भाषेत बोलतात, याचीही नोंद त्याच वेळी घ्यावी.