पोटाचा घेर आणि बाळाचे वजन

गावच्या पाणवठ्यावर, चाळीच्या जिन्यात, लग्नघरात किंवा आठवड्याच्या बाजारात गरोदर बाई दिसली, की पाहणाऱ्यांची नजर प्रथम तिच्या पोटाकडे जाते. पाठोपाठ निष्कर्षही निघतात. पोट लहान दिसले तर ‘बाळ काही अंग धरत नाही’ असे म्हटले जाते. मोठे दिसले तर ‘जुळे तर नाही ना?’ अशी शंका येते. पोट टोकदार असले तर मुलगा आणि पसरट असले तर मुलगी, हा निकाल तर जुनाच आहे. हे सारे बहुधा मायेपोटी किंवा कुतूहलापोटी बोलले जाते. बोलणारा ते विसरतोही; परंतु ऐकणारी विसरत नाही. लहान पोटाची बाई मनातून धास्तावते. मोठ्या पोटाच्या बाईला ‘आता जरा हात आखडून खा, नाहीतर बाळ मोठे होऊन अडेल’ असा सल्ला मिळतो आणि ती खरोखरच अर्धी भाकरी बाजूला ठेवते. पोटाकडे पाहून काढलेला एक अंदाज अशा रीतीने दोन जिवांच्या ताटापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच या अंदाजात तथ्य किती, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पोटाचा बाहेरून दिसणारा आकार अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. बाळ ही त्यांपैकी केवळ एक गोष्ट होय. उंच बाईच्या धडात गर्भाशयाला वर सरकण्यास जागा अधिक असते, त्यामुळे तिचे पोट फारसे पुढे येत नाही. ठेंगण्या बाईचे पोट तेवढ्याच वजनाचे बाळ असूनही मोठे दिसते. पहिलटकरणीच्या पोटाचे स्नायू घट्ट असतात; दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते सैल पडतात आणि पोट लवकर दिसू लागते. गर्भजल कमी-अधिक असणे, बाळ आडवे किंवा उभे असणे, आईच्या अंगावरील चरबी, इतकेच काय साडी नेसण्याची पद्धत, यांनीही फरक पडतो. शेवटच्या आठवड्यांत बाळाचे डोके खाली सरकले, की पोट ‘उतरल्यासारखे’ दिसते. त्या वेळी बाळाचे वजन कमी झालेले नसते. मुलगा किंवा मुलगी यांचा तर पोटाच्या आकाराशी काडीचाही संबंध नाही. गर्भाचे लिंग जाणून घेण्याचा हा हव्यास पुढे यंत्रांपर्यंत पोहोचला, तेव्हा गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा १९९४ मध्ये करावा लागला, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

मग बाळाची वाढ ओळखायची कशी? त्यासाठी साधी टेप पुरते. तपासणीच्या वेळी परिचारिका ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर मोजते. चोविसाव्या आठवड्यानंतर हे अंतर साधारणपणे जितके आठवडे तितके सेंटिमीटर भरते. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक स्वाभाविक मानला जातो. एका मोजणीपेक्षा महिन्यामहिन्याची वाढ अधिक बोलकी असते. मोजमाप मागे पडले, किंवा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेले, तर सोनोग्राफी करून पाहतात. सोनोग्राफीने सांगितलेले वजनही अंदाजच असतो. त्यात दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही अधिक चूक होऊ शकते. यंत्राची ही मर्यादा असताना नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निदानावर किती विसंबावे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

बाळाच्या जन्मवजनाची चिंता मात्र अनाठायी नाही. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेले बाळ ‘कमी वजनाचे’ मानले जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, भारतात ज्या बाळांच्या वजनाची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अशी होती. कमी वजनाच्या बाळाला अंगाची ऊब टिकवणे कठीण जाते, दूध ओढताना दम लागतो आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. ही गोष्ट बाळपणापुरतीच मर्यादित नाही. ब्रिटनमधील डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर या परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासल्या. जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. जन्मवेळी काट्यावर दिसणाऱ्या आकड्याची सावली अशी साठ-सत्तर वर्षांपर्यंत पडते.

हे वजन कशाने ठरते? काही कारणे माणसाच्या हाती नसतात. आईवडिलांची शरीरयष्टी बाळात उतरते. पहिले बाळ पुढच्या भावंडांपेक्षा बहुधा थोडे हलके असते; मुलगी सरासरीने मुलापेक्षा किंचित हलकी असते. जुळी बाळे हलकी असतात. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वाढण्यास वेळच मिळालेला नसतो. ही कारणे वगळली, तरी बरेच काही माणसांच्या हाती उरते.

त्यांत पहिले स्थान आहाराचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. विशेष असे, की आई एकूण किती खाते यापेक्षा ती काय खाते, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध अधिक दिसला. ज्या स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार असे, त्यांची बाळे अंगाने भरलेली होती. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मेथी, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला, पेरू, ताक-दूध या गोष्टी महागड्या औषधांच्या दुकानातून आणाव्या लागत नाहीत. तरीही त्या घरातल्या सुनेच्या ताटात रोज येतात का, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात ‘सरस’ नावाचा एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून बनवलेला खाऊ स्त्रियांना रोज देण्यात आला. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला, तेव्हा बाळांच्या वजनात ठळक फरक आढळला नाही. परंतु ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान नव्वद दिवस आधीपासून तो खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक होते. वाढ लहान आहे. पण तिच्यातून मिळणारी दिशा महत्त्वाची आहे. बाळाची तयारी दिवस गेल्यानंतर सुरू करणे म्हणजे पेरणीनंतर जमीन नांगरण्यासारखे आहे. शाळकरी मुलीच्या डब्यात काय आहे, तिच्या अंगात रक्त किती आहे, तिचे लग्न कोणत्या वयात होते, यांवर पुढच्या पिढीचे वजन अवलंबून असते. उपरोक्त सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्यांच्यापैकी कित्येकींचा रक्तक्षय गरोदरपणापूर्वीचाच असतो.

आहाराखालोखाल विचार करावा लागतो तो श्रमांचा आणि व्यसनांचा. हलके काम गरोदर बाईला हितकारक असते. पण दिवस भरत आले तरी उसाच्या मोळ्या वाहणे, वीटभट्टीवर राबणे, दूरवरून हंडे आणणे हे बाळाच्या वाट्याचे अन्न खर्च करणे होय. ग्रामीण आणि कष्टकरी स्त्रियांमध्ये मशेरीची सवय आढळते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच असते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात, धुराविना तंबाखू सेवन करणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी असल्याचे २००४ मध्ये आढळून आले. ‘दात घासण्यापुरती तर लावते’ असे म्हणून जी गोष्ट घरोघरी दुर्लक्षिली जाते, तिचे हे मोल आहे. अठरा वर्षांच्या आतील मातृत्व आणि दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर यांचीही किंमत बाळालाच मोजावी लागते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. ‘कमी खा म्हणजे बाळंतपण सुलभ होईल’ असे सांगणाऱ्या आजीला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. ज्या काळात रात्री-अपरात्री वाहन नव्हते आणि शस्त्रक्रियेची सोय नव्हती, त्या काळात अडलेली बाई डोळ्यांदेखत जात असे. आजीची भीती त्या मरणांतून जन्मली आहे. भीती खरी होती. उपाय मात्र चुकीचा होता. आईने उपास काढल्याने कटिभागाचे हाड रुंद होत नाही. अशक्त झालेली आई कळा सोसताना लवकर थकते आणि तिचे अशक्त बाळ जन्मल्यावर लवकर आजारी पडते. बाळ प्रमाणाबाहेर मोठे होण्यामागे अनेकदा आईचा मधुमेह असतो. त्याचा शोध रक्तातील साखरेच्या तपासणीने लागतो आणि उपचारही करता येतात. अडलेल्या बाळंतपणावर रुग्णालयातील प्रसूती हाच उपाय आहे. ‘दोघांचे खा’ म्हणून दुप्पट जेवू घालणेही तितकेच निरर्थक ठरते. गरोदर स्त्रीला रोज सुमारे साडेतीनशे कॅलरी अधिक लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध यांतून ही गरज जवळजवळ भागते.

बाळ हलके जन्मले, की बोल आईलाच लागतो. हा अन्याय आहे. तिच्या ताटात काय पडावे, हे पुष्कळदा ती ठरवत नाही. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या बाईला ‘पालेभाजी खात जा’ असा उपदेश करणे व्यर्थ आहे. तो उपदेश पंक्तीला आधी बसणाऱ्यांना केला पाहिजे. तिला सुट्टी मिळावी की नाही, हे मुकादम ठरवतो. तपासणीला कधी जावे, हे घर ठरवते. शासनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत २०१५ मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण गरम जेवण देऊ लागली. दरमहा ९ तारखेला मोफत तपासणी करणारे सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये, तर मातृवंदना योजनेचे अर्थसाहाय्य २०१७ मध्ये सुरू झाले. या सोयी कागदावर न राहता बाईच्या हातापर्यंत पोहोचणे, हे कुटुंबाच्या आणि गावाच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.

मराठी घरांत सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, पाटाभोवती रांगोळी आणि आवडीच्या पदार्थांनी भरलेले ताट, असा तो थाट असतो. त्या दिवशी घरातली गरोदर बाई मानाने आणि सर्वांच्या आधी जेवते. ही चाल सुंदर आहे. परंतु गरोदरपण सुमारे दोनशे ऐंशी दिवसांचे असते आणि डोहाळजेवण त्यांतला एकच दिवस. बाकीच्या दिवशी तिच्या पोटाचा घेर निरखण्याऐवजी तिचे ताट कोणी निरखले, त्यात काय कमी आहे हे पाहून ते वाढले आणि ‘तू आधी बैस’ असे म्हटले, तर बाळाच्या वजनाचा प्रश्न ज्योतिषासारखा अंदाज करण्याचा राहणार नाही.